पुण्यतर : चिंचणी-तारापूरच्या खाडीवरून दोन जुन्या लेखांचा फेरविचार

चिंचणी व तारापूर या दोन गांवांच्या मधून एक लहानशी खाडी समुद्रास मिळते. उत्तरतीरावर चिंचणी, तें डहाणू तालुक्यांत. दक्षिणतीरावर तारापूर, तें पालघर तालुक्यांत. खाडीवर हल्लीं पूल आहे आणि बोईसरच्या कारखान्यांकडे जाणारीं वाहनें त्यावरून सारखीं धांवत असतात. पुलाचा गुणच असा कीं, त्याच्या योगानें पाण्याचा विसर पडतो. प्रवाशास तो पडला तर त्यांत दोष नाहीं. परंतु इतिहास लिहिणारासहि तो पडावा हें बरें नव्हे. या किनाऱ्याविषयीं जें लिहिलें जातें तें बहुतेक तटबुरुजांविषयीं असतें. इ. स. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांच्या फौजेनें माहीम, केळवें, शिरगांव व तारापूर हीं ठाणीं थोड्याच दिवसांत घेतलीं, तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर पडले, हें शाळेंतला मुलगाहि सांगतो. पण ज्या प्रदेशांत दर दोन-तीन कोसांवर एक खाडी आडवी येते, त्या प्रदेशांत माणसें, गुरें व माल पलीकडे जात कसे, आणि जाऊं देण्याचा अधिकार कोणाच्या हातीं असे, हा प्रश्न आमच्या लेखकांस क्वचितच सुचतो.

या प्रश्नास उत्तर देणारे दोन अस्सल लेख उपलब्ध आहेत. दोन्ही विद्वानांस चांगले परिचित आहेत. अपरिचित आहे तो त्यांतील प्रस्तुत भाग. दोहोंवर विपुल लिहिलें गेलें, तथापि उतारापुरते ते एकमेकांशेजारीं ठेवून वाचलेले आमच्या पाहण्यांत नाहींत.

पहिला लेख नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात, दीनीकाचा पुत्र, शक उषवदात याचीं दानें त्यांत संस्कृत-प्राकृत अशा मिश्र भाषेंत नोंदलीं आहेत. त्यांतच इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर त्यानें नावांच्या योगें ‘पुण्यतर’ केले आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ व ‘प्रपा’ बांधल्या, असें म्हटलें आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, हें डॉ. भगवानलाल इंद्रजी यांनीं ठरविलें तें सर्वमान्य आहे. चिंचणीपासून ती तीन-चार कोसांच्या आंतच आहे.

दुसरा लेख खुद्द चिंचणीचा. १९५५ सालीं तेथें नऊ ताम्रपत्रें सांपडलीं. त्यांवर एकंदर पांच लेख असून डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं ते एपिग्राफिया इंडिकाच्या बत्तिसाव्या खंडांत प्रसिद्ध केले. पैकीं सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींतील आहे. त्या वेळीं संयानमंडलाचा, म्हणजे संजाणच्या आसपासच्या प्रदेशाचा, अधिकारी मधुमति उर्फ सुगतिप नांवाचा ताजिक होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमति हें ‘मुहम्मद’चें संस्कृत रूप. बापाचें नांव सहियारहार असें दिलें आहे. परक्या नांवांना संस्कृताचा पेहराव चढविण्यांत आमचे प्रशस्तिकार मोठे रसिक. ‘मुहम्मद’चा ‘मधुमति’ करणाऱ्यास नुसतें लेखनकौशल्यच नव्हे, तर थोडा जिव्हाळाहि असावा. या मधुमतीनें आसपासच्या सर्व बंदरांचे प्रमुख जिंकून तेथें आपले अधिकारी नेमले. दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या. आणि संयान येथें एक सत्र घातलें, त्यांत शालीचा भात, कालवणें व तूप विनामूल्य मिळे, असें लेख सांगतो. मूळ दान मात्र निराळेंच आहे. अण्णैय नांवाच्या ब्राह्मणानें बांधलेल्या मठिकेस एक गांव व कांहीं जमीन देण्याचें तें शासन आहे. नावा व सत्र यांचा उल्लेख दात्याच्या स्तुतींत येतो.

आतां या दोन लेखांच्या वाचनांत काय उणें राहिलें तें पाहूं.

नाशिकच्या लेखांतील ‘पुण्यतर’ या शब्दाचें भाषांतर फ्रेंच पंडित एमिल सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत ‘फुकट उतार’ अशा अर्थाचें केलें, आणि पुढील लेखकांत तोच अर्थ रूढ झाला. तो चूक नाहीं, अपुरा आहे. ‘फुकट’ म्हणजे दाम न घेतां, एवढेंच त्यांतून कळतें. परंतु दाम कोण घेत होता व तो कोणीं सोडला, हें कळत नाहीं. तें कळण्यासाठीं धर्मशास्त्र व अर्थशास्त्र उघडावें लागतें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत ‘तर’ शब्द उताराच्या हांशिलाच्या प्रकरणींच येतो. रिकाम्या गाडीस एक पण, ओझेंवाल्या पुरुषास अर्धा, पशूस व स्त्रीस पाव, मोकळ्या हातानें जाणाऱ्या पुरुषास पावाचा अर्धा, असे दर तेथें बांधून दिले आहेत. गर्भिणी, परिव्राजक, वानप्रस्थ, ब्रह्मचारी यांस माफी आहे. नावाड्यांच्या चुकीनें माल बुडाल्यास सर्व नावाड्यांनीं मिळून तो भरून द्यावा, दैवी आपत्तीनें बुडाल्यास त्यांस दंड नाहीं, इथवर तपशील आहे. कौटिल्यानें तर ‘नावध्यक्ष’ म्हणून स्वतंत्र अधिकारीच सांगितला. त्याच्या मुद्रेनें ब्राह्मण, प्रव्रजित, बाल, वृद्ध, रोगी, राजाचे जासूद व गर्भिणी यांनीं उतरावें. इतरांनीं अवेळीं अगर उतार सोडून भलत्या ठिकाणीं नदी ओलांडली तर त्यांस दंड. सारांश, उतार ही राजाची मिळकत आणि राजाची चौकी, दोन्ही होती.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘पुण्यतर’ शब्दाचें वजन कळतें. उषवदातानें नावा दिल्या हें दान लहान. त्यानें हांशील सोडलें हें दान मोठें. शास्त्रानें गर्भिणी, संन्यासी इत्यादि मोजक्यांस दिलेली माफी त्यानें सहा पाण्यांवर सरसकट सर्वांस दिली. सुताराकडून एक होडी करवून घेणें आणि सरकारी उत्पन्नाचें एक कलम कायमचें वगळणें यांत अंतर आहे, आणि ज्याच्या हातीं तें कलम आहे तोच तें वगळूं शकतो. उषवदात नहपानाचा जांवई होता, म्हणूनच हें दान त्याच्या आवाक्यांत होतें. इंग्रजी अमदानींत १८६८ सालीं मुंबई इलाख्यासाठीं नावांच्या उतारांचा जो कायदा झाला, त्यानेंहि उतारांवर सरकारचा हक्क ठेवून मक्त्याची पद्धत घालून दिली. कोंकणांत ‘तर’ हा शब्द या अर्थानें अद्याप ऐकूं येतो. माणसें ‘तरीवर’ जाऊन उभीं राहतात. नाशिकच्या भिंतीवरचा शब्द एकोणीस शतकांच्या सुमारास तसाच तोंडीं राहावा, आणि संशोधकांनीं तो इंग्रजीवरून उलट मराठींत आणतांना ‘विनामूल्य नौकासेवा’ म्हणावें, याचें नवल वाटतें.

‘सभा’ शब्दाची अवस्था याहून वाईट. सेनार यांच्या भाषांतरांत ती जमण्याची शाला झाली, आणि त्यावरून पुढें कित्येकांनीं सभागृह, चर्चागृह, ग्रामसभेची जागा असे तर्क बांधले. नदीच्या कांठीं, तेंहि दोन्ही कांठांवर, आणि तेंहि सहाच्या सहा नद्यांवर, लोकांनीं सभा कशासाठीं भरवावी? अमरानें पुरवर्गांत ‘सभा’ हा शब्द कुटी व शाला यांच्या पंक्तीस बसविला आहे. मनूच्या नवव्या अध्यायांत चोरांवर पाळत ठेवण्याच्या जागांची यादी आहे, तिच्या आरंभींच सभा, प्रपा व अपूपशाला म्हणजे घारग्याअनरशांचें दुकान, हीं जोडीनें आलीं आहेत. तेव्हां येणाऱ्याजाणाऱ्यांनीं टेकावें अशी उघडी शाला, हा ‘सभा’ शब्दाचा अर्थ शास्त्रांतच आहे. तो बाहेरून आणावयास नको.

आणि तो अर्थ येथें कां हवा, हें पुस्तकापेक्षां खाडी अधिक चांगलें सांगते. ठाणें-पालघरच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांतील फरक मोठा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी बांधाला लागतें, आणि सहा तासांनीं सुकती झाली कीं त्याच जागीं मांडीभर चिखल व मधोमध एक बारीक धार उरते. त्या चिखलांत नाव चालत नाहीं आणि माणूसहि चालत नाहीं. म्हणून खाडीच्या तीरावर आलेला वाटसरू दुर्दैवानें सुकतीच्या वेळीं आला तर त्याला दोन-तीन तास खोळंबावें लागणारच, मग त्याच्या कनवटीला पैसा असो वा नसो. समोर पाणी असून तें खारें; पिण्याच्या कामाचें नाहीं. आतां ‘सभा’ व ‘प्रपा’ पुन्हां वाचाव्या. सांवली आणि गोडें पाणी! तींहि दोन्ही तीरांवर, कारण खोळंबा दोन्हीकडे सारखाच. ज्या कोणीं ही योजना आंखली तो स्वतः केव्हां तरी डहाणूच्या चिखलाकडे पाहत बसला असला पाहिजे. सेनार पॅरिसला बसून वाचीत होते, त्यांस हें कसें दिसावें? आम्हांस दिसावयास हवें होतें.

नद्यांच्या क्रमासंबंधींहि एक सूचना करावीशी वाटते. इबा म्हणजे अंबिका, पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, करबेणा म्हणजे अंबिकेस मिळणारी कावेरी, अशी भगवानलाल यांची योजना. ती मान्य केल्यास क्रम विस्कळित दिसतो, कारण सर्वांत उत्तरेची तापी मध्येंच चौथी येते. परंतु यादीचे दोन तुकडे करून पाहावे. अंबिका, पार, दमणगंगा हा पहिला तुकडा उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो. तापी, कावेरी, डहाणू हा दुसराहि तसाच. आमच्या मतें हीं दोन वेळां, कदाचित् दोन निरनिराळ्या सालीं, घातलेल्या उतारांचीं दोन टिपणें असून कोरतांना तीं एका समासांत शिवलीं गेलीं. तसें असेल तर डहाणूचा उतार दुसऱ्या खेपेचा ठरतो: पहिल्या खेपेस दमणगंगेपर्यंत, दुसऱ्या खेपेस डहाणूपर्यंत. क्षत्रपांची सत्ता किनाऱ्यानें दक्षिणेकडे कशी सरकली याचा हा एक माग असूं शकेल. हा तर्क आहे. पण यादी विस्कळित आहे असें म्हणून स्वस्थ बसण्यापेक्षां बरा.

याच लेखांत तीन लक्ष गाईंचें दान आणि वर्षास एक लक्ष ब्राह्मणांस भोजन अशा आंकड्यांची रेलचेल आहे, म्हणून उतारांचा मजकूरहि अतिशयोक्तींत काढावा, असें कोणी म्हणेल. आम्हांस उलट वाटतें. लक्ष हा आंकडा स्तुतीचा. नद्यांचीं नांवें हा हिशेब. मधुमतीच्या ताम्रपत्रांतहि तोच प्रकार. भाटानें ‘सर्व नद्यांवर’ म्हटलें असतें तर त्याची लेखणी कोणी धरली नसती. तो ‘दोन’ म्हणतो. संजाण वारोळी नदीवर आहे, तेव्हां दोहोंपैकीं एक प्रवाह तोच असावा.

चिंचणीच्या लेखाचें दुर्दैव निराळें. तो प्रसिद्ध झाल्यापासून त्यांतला एकच शब्द सर्वत्र गाजतो, तो म्हणजे ‘ताजिक’. राष्ट्रकूटांच्या पदरीं एक मुसलमान मंडलाधिपति होता, त्यानें देवीच्या मठिकेस गांव दिलें, हें सांगून लेखक थांबतात. एक पक्ष त्यावरून सहिष्णुतेचे गोडवे गातो, दुसरा कपाळाला आंठ्या घालतो. मजकूर महत्त्वाचा आहे यांत संशय नाहीं. याच संचांतील शके ९५६ च्या चामुंडराजाच्या लेखांत अल्लिय, महर, मधुमत अशीं नांवें पुन्हां येतात, म्हणजे ही वस्ती शंभर वर्षांनंतरहि तेथें नांदत होती. परंतु नावा व सत्र यांच्याकडे वाक्याच्या शेपटासारखें पाहिलें जातें, ही आमची तक्रार.

वस्तुतः मधुमतीच्या अधिकाराचें स्वरूप त्या शेपटांतच आहे. प्रथम त्यानें बंदरें घेतलीं व तेथें आपलीं माणसें बसविलीं, म्हणजे जकात त्याच्या हातीं आली. त्यानंतर उतार मोकळे केले. हीं दोन वाक्यें लेखांत कारणावांचून एकामागून एक आलेलीं नाहींत. ज्याच्या हातीं जकात तोच तर सोडूं शकतो, हें उषवदाताच्या लेखावरून आपण पाहिलेंच. सत्राविषयींहि तेंच. विद्वान तीं दोन स्वतंत्र पुण्यकर्में म्हणून मोजतात. आम्हांस तीं एकाच व्यवस्थेचीं दोन अंगें दिसतात. उषवदाताच्या वेळीं खोळंबलेल्यास छाया व पाणी मिळे, मधुमतीच्या वेळीं भात, कालवण व तूप. आठशें वर्षांत खोळंबा तोच राहिला, पाहुणचार मात्र वाढला.

आणखी एक योग पाहण्यासारखा आहे. उषवदात शक, मधुमति ताजिक. दोघेहि परभूमींतून आलेल्या कुळांतले, दोघेहि वरच्या सत्तेच्या नांवानें किनारा सांभाळणारे. या प्रदेशांत आपली सत्ता रुजावी असें वाटणाऱ्यानें प्रथम काय करावें, याचें उत्तर दोघांनीं एकच दिलें. मधुमतीस उषवदाताचा लेख ठाऊक असणें संभवत नाहीं. तेव्हां ही रीत एकापासून दुसऱ्यानें घेतली असें नसून, ती खाडीनेंच दोघांकडून करवून घेतली असें म्हणणें प्राप्त आहे.

मात्र दोन्ही लेखांत एक गोष्ट नाहीं, आणि ती नाहीं हें कोणी नोंदवीत नाहीं. तरीचा पुढचा खर्च कोणत्या उत्पन्नांतून चालावा याची तजवीज कोठेंच नाहीं. उषवदातास अशी तजवीज करतां येत नव्हती असें नव्हे. त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत त्यानें भिक्षूंसाठीं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींत ठेविले, दोन हजार दरमहा शेंकडा एकानें व एक हजार शेंकडा पाऊणानें, आणि मुद्दल कधींहि परत द्यावयाचें नाहीं असें बजाविलें. म्हणजे भिक्षूच्या चीवरास अक्षयनीवी आहे, नावाड्याच्या पोटास नाहीं. मधुमतीच्या शासनांतहि गांव मिळालें तें मठिकेस. लांकडाची नाव खाऱ्या पाण्यांत किती वर्षें टिकणार? दाता गेला, त्याची सत्ता गेली, कीं तर पुन्हां दामाची होत असली पाहिजे. दहाव्या शतकांत ती नव्यानें मोकळी करावी लागली, यावरून मधल्या काळाचें अनुमान करावें. नावाड्यांचीं नांवेंहि कोणत्याच लेखांत नाहींत. या किनाऱ्यावरील कोळी, मांगेले, वैती यांचे पूर्वज तीं वल्हीं मारीत असतील. शिलालेखाच्या भाषेंत त्यांस विभक्ति मिळाली नाहीं.

उषवदाताच्या यादींत एक नांव असावयास हवें होतें तें नाहीं, तें वैतरणेचें. डहाणूहून शूर्पारकास, म्हणजे सोपाऱ्यास, जातांना वैतरणेचें मुख आडवें येतें, आणि सोपाऱ्यास तर उषवदाताचीं दानें आहेत. त्याचीं माणसें ही नदी ओलांडीतच असलीं पाहिजेत. ती दामाचीच राहिली कीं दुसऱ्या कोणाच्या हातीं होती, याचा विचार क्षत्रपांची दक्षिणसीमा आंखणारांनीं करावा. वैतरणी ओलांडण्यास गोदान करावें लागतें असें पुराणें सांगतात. तीन लक्ष गाई देणाऱ्यास ती अडचण नव्हती.

याच वैतरणेवर १८६४ त मुंबई-बडोदा रेल्वेची गाडी धांवूं लागली. रेल्वेनें खाड्यांचीं मुखें टाळून आंतल्या अंगानें वाट काढली. माहीम, तारापूर, चिंचणी हीं बंदरें पश्चिमेस राहिलीं आणि पालघर, बोईसर, वाणगांव हीं स्थानकें पुढें आलीं; माहीम तालुक्याचें पालघर झालें, आणि २०१४ च्या ऑगस्टांत पालघरचा जिल्हा झाला. त्या मार्गावर वैतरणा व सफाळें या स्थानकांच्या दरम्यान ९२ व ९३ क्रमांकांचे दोन पूल आहेत, आणि दोहोंच्या मध्यें, नदीच्या दोन फांट्यांनीं वेढलेलें, वाढीव गांव आहे. तेथील वैतीपाडा हें नांव आतां वाचकांस अर्थपूर्ण वाटेल. या गांवच्या लोकांस वर्षानुवर्षें या रेल्वेच्या पुलांवरूनच पायीं जावें-यावें लागत आलें आहे. पूल गाडीसाठीं बांधले, माणसासाठीं नव्हेत. गाडीखालीं सांपडून माणसें गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वेळोवेळीं आल्या आहेत. दोन प्रवाह येथेंहि आहेत. ‘दोन प्रवाहांवर नावा ठेवल्या’ या नऊशें सव्विसाव्या सालच्या वाक्यावर ज्यांस टीप लिहावयाची असेल त्यांनीं एकदां वाढीवला जाऊन यावें. ‘पुण्यतर’ शब्दाचा अर्थ त्यांस कोशांत शोधावा लागणार नाहीं.

मंडळाच्या सभासदांपाशीं मागणें एवढेंच कीं, डहाणू व पालघर या तालुक्यांतील जुन्या दप्तरांत तरींच्या मक्त्यांचे कागद असल्यास ते पुढें आणावे. कोणत्या खाडीवर तर किती काळ होती, मक्ता कोणाकडे असे, माफी कोणास असे, नावाड्यास काय मिळे, एवढीं चार कलमें जुळलीं तरी नाशिक आणि चिंचणी यांच्या लेखांपुढचा धागा हातीं येईल. डहाणू, चिंचणी-तारापूर, मुरबें-सातपाटी, केळवें आणि दातिवरें हे उतार प्रथम घ्यावे. ज्यांच्या घरांत पूर्वीं तर होती अशीं वृद्ध माणसें अद्याप या गांवांत भेटतात.